वादळ कुठल्या बाजूला?

शब्द नसलेला अल्बम मास्टरिंगला, म्हणजे छापण्याआधीच्या शेवटच्या ध्वनी-जुळणीला, आला की मी लेव्हल बघायच्या आधी कथा विचारून घेते. गाणारा असला की गोष्ट कुठवर आली ते कळतं. इथे सगळा भार सुरांवर आणि मधल्या शांततेवर.

"दीपगृहाच्या रखवालदाराची एक रात्र आहे, ताई," अल्बमचा संगीतकार म्हणाला. "संध्याकाळ, वाट पाहणं, वादळ, पहाट. जहाज येतं की नाही ते सांगितलेलंच नाही." गिटार नावापुरती. बाकी सगळं कीबोर्डवर: हॅमंड ऑर्गन, मूग सिंथेसायझरवरची मुख्य धून, मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डचे व्हायोलिन, पियानो. बेससुद्धा सिंथवरच.

मिक्स सुरेख होता. पण एलपी, म्हणजे दोन बाजूंची तबकडी, काढायची होती आणि वादळ पहिल्या बाजूच्या शेवटी होतं. मी तिथेच थांबले.

तबकडी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत. काठाजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबायचं. वरच्या पट्टीतले कर्कश सूर तिथे फाटतात. मूगचा सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखा, आवाज म्हणजे तर नुसती धारच! सगळ्यात मोठा आणि झगझगीत भाग नेमका सगळ्यात वाईट जागी.

"लेव्हल कमी करा मग," तो म्हणाला.

"करते. पण फाटायचं ते तेवढ्यानं थांबणार नाही. वादळ दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला घे."

त्याचा चेहरा उतरला. वाट पाहण्याच्या भागातून वादळात जाताना त्यानं मेलोट्रॉनचा एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, धरून ठेवला होता आणि त्याच्यावर हळूहळू ऑर्गन चढवत नेला होता. तिथे बाजू संपवायची म्हणजे कॉर्ड मधेच तोडायचा. ऐकणाऱ्यानं उठायचं, तबकडी उलटायची, आणि मग वादळ. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अशा अल्बममध्ये दोन भागांमधला सांधा हीच अर्धी गोष्ट असते.

या माध्यमाची ही खोड जुनीच. इंग्लिश कीबोर्डवादक रिक वेकमननं १९७३ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या सहा राण्यांवर कीबोर्डप्रधान अल्बम केला. त्यात खुद्द राजावरही एक रचना यायची होती, पण एलपीवर जागा नाही म्हणून ती गळली. २००९ साली हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या मैफलीत ती वाजली. राण्या सहाच्या सहा, आणि जागेअभावी बाहेर राहिला तो राजा! मला या गोष्टीचं अजून हसू येतं.

मी तो कॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकला. काहीतरी खटकत होतं. तो संपतच नव्हता. खऱ्या मेलोट्रॉनमध्ये कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, साधारण आठ सेकंदांचा. बोट कितीही दाबून ठेवा, टेप संपली की सूर संपला. इथे सॅम्पल, म्हणजे आवाजाचा रेकॉर्ड केलेला तुकडा, लूपवर टाकलेला होता: संपला की पुन्हा पहिल्यापासून.

"लूप काढून बघ," मी म्हटलं. "आवाज आपोआप जाईल तिथे बाजू संपव."

त्यानं लॅपटॉपवर लूप बंद केला. कॉर्डमधले सूर एकदम गेले नाहीत. आधी वरचा तुटला, मग मधला, खालचा जरा रेंगाळला. मागे ऑर्गन नाही, काही नाही. तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "पुन्हा लावा."

बाकीचं काम रुक्ष, पण टाळता न येणारं. सिंथ बेस त्यानं स्टिरिओत ऐसपैस पसरवला होता. डावी-उजवीकडचा खर्ज एकमेकांच्या उलट गेला की कटिंगची सुई वर-खाली उड्या मारते, खाच उथळ होते आणि ऐकताना सुई खाचेतून निसटते. म्हणून खालचा भाग मोनो, म्हणजे दोन्हीकडे सारखाच, केला. वादळ हलवल्यानं दुसरी बाजू लांबली. लांब बाजूला खाचा दाटीनं बसवाव्या लागतात, त्यामुळे एकूण आवाज थोडा खाली आणावा लागला. यावर मात्र तो अडून बसला.

"वादळच हळू वाजणार?"

"आवाज वाढवायचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात आहे. फाटलेला सूर दुरुस्त करायचं बटण कुणाकडेच नाही."

पहाट आता दुसऱ्या बाजूच्या शेवटी, लेबलजवळ आली: एकटा पियानो, मऊ, वरचे सूर कमी. त्या जागेला असंच काहीतरी मानवतं. चाचणीची लॅकर, म्हणजे जिच्यावर खाच कापतात ती मऊ लेपाची तबकडी, कापून आम्ही दोन्ही बाजू सलग ऐकल्या. मुख्य लॅकर कधीच वाजवत नाहीत, एकदा सुई फिरली तरी ती झिजते.

डिजिटल आवृत्तीत त्यानं जुना सांधा तसाच ठेवला, लूपसकट. तिथे बाजू नाहीत, कुणाला उठायचं नाही. त्याला तीच आवृत्ती खरी वाटते. मला एलपीवरची आवडते, आणि यावर आमचं अजून जमलेलं नाही.