मालगुंड : केशवसुतांच्या घरी थोडं थांबा

गणपतीपुळ्याचं दर्शन झालं की गाड्या मालगुंडवरूनच पुढे जयगडला जातात, पण थांबणारे थोडे. मंदिरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली जिथे जन्मले ते घर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक उभं केलं आहे. दीड-दोन तास तरी हाताशी ठेवून जा.

आवारात शिरल्यावर आधी घर बघा, बाकीचं नंतर. उतरतं कौलारू छप्पर, पडवी, सारवलेली जमीन, जुन्या वापरातल्या वस्तू. घर अगदी साधं आहे, आणि म्हणूनच मला ते फार मोलाचं वाटतं. मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, आणणारा, ‘तुतारी’ लिहिणारा कवी या एवढ्याशा घरातला. पुढे मास्तरकी करत मुंबई, फैजपूर, धारवाड असा फिरला आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेला. वय चाळिशीच्या आत, कविता दीडशेच्या आत, आणि हयातीत एकही संग्रह नाही! पडवीत उभं राहून हे आठवलं की गलबलून येतं.

बाहेर त्यांच्या कविता दगडांवर कोरल्या आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘तुतारी’ मनातल्या मनात वाचायची कविताच नव्हे. आधुनिक मराठी कवींचं दालनही आहे. तिथे आपल्या आवडीचा कवी शोधताना वेळ कसा जातो कळत नाही.

जायचं कसं? रत्नागिरीहून आरे-वारेचा समुद्रालगतचा रस्ता घ्या, साधारण पंचवीस किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्यांना निवळी फाट्यावरून जाकादेवीमार्गे सोयीचं. एसटीने गणपतीपुळ्याला उतरून रिक्षा करता येते. सकाळी लवकर पोचा. मार्चनंतर अकरा वाजले की घामाच्या धारा लागतात. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, चपला घसरणाऱ्या नकोत. वेळा आणि सुट्टीचा दिवस निघण्याआधी विचारून घ्या, सुटे पैसे जवळ ठेवा.

जमलं तर जाण्याआधी केशवसुतांची ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ वाचून ठेवा. मुलखापासून दूर राहिलेल्या माणसाची ती कविता आहे. नंतर मालगुंडच्याच गायवाडीच्या किनाऱ्यावर जाल तेव्हा वारा त्याच बाजूचा असेल, निदान पावसाळ्याच्या तोंडावर तरी. पोहायला मात्र उतरू नका, या पट्ट्यात समुद्राला ओढ फार आहे.