ओटीपी कुणाच्या फोनवर?

बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. २०२४च्या जूनमध्ये ओळखीतल्या एका कार्यकर्तीने विचारलं, "जनता वसाहतीतल्या पोरांना शनिवार-रविवार कॉम्प्युटर शिकवाल का? नोकरीपुरता." मी लगेच हो म्हणून टाकलं. कॉम्प्युटरची भीती म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. १९८७ साली मी बँकेत लागले तेव्हा लेजर हाताने लिहायचो. त्या नोंदी करणारी पोस्टिंगची मशीनं येणार म्हटल्यावर युनियनने दिलेल्या घोषणांत माझाही आवाज होता, आणि वर्षभराने माझी बदली नेमकी त्याच मशीनपुढे झाली.

जनता वसाहत म्हणजे पुण्यातली पर्वतीच्या पायथ्याची झोपडपट्टी. वर्ग तिथेच, एका समाजमंदिरात. एका कंपनीने बदलून टाकलेली पाच मशीनं मिळाली होती. त्यांत विंडोज ७. त्याचे अपडेट २०२० सालीच बंद झालेले, म्हणून भाच्याने त्याजागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घालून दिली. पंखा आणि पाचही मशीनं एकदम लावली की फ्यूज उडायचा, त्यामुळे जून असूनही पंखा बंद. पोरं चौदा. वयं अठरा ते तेवीस. बहुतेक बारावी झालेली, दोघं दहावी नापास, एक आयटीआयवाला.

पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट भेटणार का?" नाही म्हटल्यावर पुढच्या शनिवारी तिघं आली नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? एमकेसीएल या संस्थेचा तो कॉम्प्युटरचा कोर्स २००१पासून चालू आहे, सरकारी भरतीच्या जाहिरातीत नावानिशी मागतात. फुकट शिकवणाऱ्या काकूंचं नाव कुठल्या जाहिरातीत येतं?

उरली अकरा. मोबाइलवर त्यांचे अंगठे असे पळायचे की मला दिसायचं पण नाही. कीबोर्डपुढे बसल्यावर मात्र तीच पोरं एका बोटाने 'बी' शोधत बसायची. एकाने माउस टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि तिथे थांबून माझ्याकडे बघितलं. आता पुढे कुठे जायचं? उचलून परत मध्ये ठेवायचा असतो, हे सांगायची गोष्ट आहे असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं. दुसरी सारखी स्क्रीनला बोट लावायची. फाइल 'सेव्ह' करायची म्हणजे काय, हे समजावताना तर माझीच दमछाक झाली, कारण फोनमध्ये सगळं आपोआप राहतं. शेवटी बँकेतलं कपाट, कपाटातला खण, खणातली फाइल असं सांगितलं. मग एकीने विचारलं, "म्हणजे लाइट गेली की टेबलावरचं उडून जातं, कपाटातलं राहतं?" इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मी एक व्यवस्थित अभ्यासक्रम आखला होता. आधी माउस, मग टायपिंग, मग पत्र, मग हिशेबाचा तक्ता, आणि सगळ्यात शेवटी ईमेल आणि नोकरीचे अर्ज. तिसऱ्या आठवड्यात तो गुंडाळून ठेवावा लागला.

झालं असं की जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर झाली. सहा महिने काम शिकायचं, आणि महिन्याला बारावीवाल्याला सहा हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला आठ, पदवीधराला दहा. नोंदणी 'महास्वयम' या सरकारी वेबसाइटवर. पोरं म्हणाली, "मॅडम, आधी हे भरू." म्हटलं, चला, सरावही होईल.

सकाळी अकराला बसलो. आधार नंबर टाकला. ओटीपी पाठवला, असं स्क्रीन म्हणाली. जिचा अर्ज होता ती गप्प.

"आला का?"

"माझ्यावर नाही येत. आधारला दादाचा नंबर आहे."

दादा चाकणला कंपनीत. फोन लावला तर बंद. कारखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पहिली पाळी साडेतीनला सुटते. ओटीपी काही साडेतीनपर्यंत थांबत नाही. तिचं राहू दे म्हणून पुढच्याला बसवलं. त्याच्या आधारला वडिलांचा नंबर, आणि ते सिम रिचार्ज नाही म्हणून कधीच बंद पडलेलं. तिसरीचा नंबर आत्याचा. चौथ्याचा कुणाचा ते घरात कुणालाच आठवेना. ईमेलचीही तीच गत. मोबाइल दुकानवाल्याने फोन घेताना खातं काढून दिलं होतं, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि तो दुकान विकून गावी गेलेला. त्या दिवशी अकरापैकी दोघांचेच अर्ज झाले.

घरी येऊन चहा घेताना माझ्या डोक्यात तेच. मी यांना टायपिंग शिकवतेय, आणि यांच्या नावाचं दार उघडायची किल्ली भलत्याच कुणाच्या खिशात आहे.

पुढचे तीन आठवडे टायपिंग बाजूला. प्रत्येकाचं नवीन ईमेल, स्वतःच्या नाहीतर घरात निदान कायम चालू राहणाऱ्या नंबरवर. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या रेशनकार्डाच्या पिशवीत. पासवर्ड लिहून ठेवू नये म्हणतात, मला माहीत आहे. पण ज्या घरात फोन तिघांत एक आणि वर्षाला फुटतो, तिथे रेशनकार्डाच्या पिशवीइतकी सुरक्षित जागा नाही. आधारचा मोबाइल नंबर बदलायला मात्र तेव्हा केंद्रावर स्वतः जावं लागायचं, म्हणजे एक रोज बुडवायचा. पाच जण जाऊन आले. बाकीची 'जाऊ की' म्हणत राहिली.

मग नावं. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर वडिलांचं नाव आधी. काउंटरच्या पलीकडे बसून असली किती प्रकरणं मी 'दुरुस्त करून आणा' म्हणून परत पाठवली असतील! आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून मार्कशीट समोर ठेवून एकेक अक्षर तपासून मगच जायचं, असा नियम केला.

बायोडेटाची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी सायबर कॅफेतून पन्नास रुपयांत आणलेले कागद दाखवले. सगळ्यांचे छंद 'गाणी ऐकणे आणि वर्तमानपत्र वाचणे'. सगळ्यांना 'आव्हानात्मक वातावरणात काम' करायचं होतं. ते फाडले नाहीत, पण बाजूला ठेवले.

दादाच्या ओटीपीवाल्या मुलीला विचारलं, "तुला काय येतं?"

"काय नाही."

"घरी काय करतेस?"

"आईचे डबे असतात. मी फक्त लिहिते."

फक्त काय लिहितेस, म्हणून वही मागवली. बावीस डबे. कुणाचा कधी खाडा, कुणाची चपाती कमी, कुणाचे किती बाकी, कुणी अर्धे दिले. तीन वर्षांची नोंद, पानाच्या शेवटी बेरीज, आणि एकही खाडाखोड नाही. चौतीस वर्षं बँकेत काढून मी इतकी स्वच्छ वही फार थोड्या वेळा पाहिली. त्या वहीचाच आम्ही तक्ता केला. बेरजेचं सूत्र टाकल्यावर आकडा तिच्या हाताच्या बेरजेशी जुळला तेव्हा ती म्हणाली, "मग मशीनचं बरोबर आहे." बायोडेटात पहिली ओळ तीच गेली: बावीस गिऱ्हाइकांचे हिशेब, तीन वर्षं.

पत्त्यावरून मात्र आमचं वाजलं. सगळ्यांनी 'सिंहगड रोड' लिहिलं होतं. मी म्हटलं, खरा पत्ता लिहा, लाजायचं काय त्यात? आयटीआयवाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, लाज नाही. जनता वसाहत लिहिलं की फोन येत नाही. करून बघितलंय." यावर मी काय बोलणार? सिंहगड रोड तर सिंहगड रोड. खोटं नाहीच ते, रस्ता खालून जातोच.

फोन येत नाही यात आणखी एक गोम निघाली. अर्ज पाठवून महिना झाला तरी कुणाला बोलावणं नाही, म्हणून मी एकीचा फोन बघितला. अनोळखी नंबरचे सात मिस्ड कॉल. उचलत का नाहीस? "आईच्या गटाच्या हप्त्यासाठी येतात ते. अनोळखी नंबर उचलायचा नाही असं घरात ठरलंय." त्या सातांतले दोन नोकरीचे निघाले. त्या दिवसापासून वर्गात फोन उचलायचा सराव. मी बाहेरच्या पायरीवर बसून फोन लावायची, आत कुणीतरी उचलून नाव सांगायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच, "हॅलो, कोण?" आणि मग हशा.

एकजण फसलाही. घरबसल्या डेटा एन्ट्री, निळ्या शिक्क्याचं नेमणूकपत्र व्हॉट्सअपवर, आणि 'लॅपटॉपचं डिपॉझिट' म्हणून साडेआठशे रुपये. मला सांगितलं चार दिवसांनी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पण पैसे आले नाहीत. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. तेव्हा मी माउस शिकवत होते.

दिवाळीपर्यंत हिशेब असा: अकरातली नऊ टिकली. चौघांना काम लागलं, दोघं लक्ष्मी रोडच्या दुकानांत बिलिंगला, आयटीआयवाला योजनेतून सहा महिन्यांसाठी, आणि डब्यांच्या वहीवाली एका सीएच्या ऑफिसात. एकाने मराठी टायपिंगचा क्लास लावला, परीक्षा परिषदेच्या मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेसाठी. बाकीच्यांचं अजून चाललंय.

वहीवालीचा गेल्या महिन्यात फोन आला. ऑफिसच्या नंबरवरून होता, म्हणून मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर म्हणते, "मॅडम, तुम्हीच उचलत नाही होय?" मग कामाचं बोलली. ऑफिसात पीएफ सुरू करतायत, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढायचाय, आधारचा ओटीपी लागेल म्हणतात.

"नंबर बदललास का गं आधारवरचा?"

पलीकडे शांतता.

"दादाचाच आहे अजून."

"त्याची पाळी कुठली या आठवड्यात?"

"दुसरी. सकाळी घरी असतो."

"मग उद्या सकाळी त्याला शेजारी बसव आणि कर. आणि शनिवारी सुट्टी असेल तर दहाला केंद्रावर ये. मार्कशीट घेऊन. मी येते बरोबर."