नोटीस आली की ग्रुप गप्प

घोडबंदर रोडला राहून टँकरच्या पाण्याबद्दल बोलायचं नाही हे कसं जमणार? बाजूच्या सोसायटीतल्या एका काकूंनी ग्रुपवर लिहिलं की बिल्डरने ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसताना ताबा दिला आणि पाण्याबाबत आपल्याला फसवलं. बस एवढंच. थोड्याच दिवसांत वकिलाची नोटीस, 7 दिवसांत बिनशर्त लेखी माफी मागा नाहीतर 5 कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा आणि वर फौजदारी केस. सोबत ग्रुपच्या स्क्रीनशॉटचे प्रिंटआउट, काकूंच्या मेसेजवर पिवळं हायलायटर, आणि खाली ज्यांनी ज्यांनी अंगठा दिला होता त्यांच्या नावांभोवती पेनाने गोल. संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांनी आपापले मेसेज डिलीट केले, दोघं तर ग्रुप सोडूनच गेले.

मला राग येतो तो या गोलांचा. 2012 मध्ये पालघरला, तेव्हा ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, फेसबुकवरच्या एका पोस्टमुळे दोन मुलींना अटक झाली होती, एकीने पोस्ट लिहिली आणि दुसरीने फक्त लाईक केली म्हणून. त्यावरूनच पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2015 ला ऑनलाइन लिहिण्यावरून अटक करता येणारं आयटी कायद्याचं 66-अ कलम रद्द झालं. वाटलं होतं आता मोकळेपणाने लिहिता येईल, पण 2016 ला त्याच कोर्टाने फौजदारी बदनामीचा कायदा मात्र घटनेत बसतो म्हणून कायम ठेवला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. आणि नुसतं खरं बोललात म्हणून सुटका नाही, ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

अब्रू ही खोटी गोष्ट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. 2008 मध्ये टाइम्स नाऊ चॅनलने पीएफ घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशांच्या जागी सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, काही सेकंदच, पण आयुष्यभर जपलेल्या नावाला डाग लागला की लागला. पुण्याच्या कोर्टाने 2011 ला 100 कोटींची भरपाई लावली. रक्कम जास्त वाटेल पण त्यांनी दाद मागितली ती योग्यच होती. पैशांचा दावा राहू दे ना, माझं भांडण तुरुंगाच्या धमकीशी आहे.

कारण बिल्डरला केस जिंकायचीच नसते हो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, आणि त्याच भीतीवर हे लोक चालतात. नोटिशीत 5 कोटी लिहायला कोर्ट फी लागत नाही, दावा खरंच टाकला तर लागते. इकडे काकू मात्र रिटायर्ड शिक्षिका, वकिलाची फी भरायची, कोर्ट नाक्यावर तारखांना जायचं, आणि घरचे म्हणणार कशाला पडलीस त्यात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1992 पासून असा कायदा आहे की तोंड बंद करायलाच टाकलेली केस सुरुवातीलाच निकाली काढता येते आणि समोरच्याचा वकिलाचा खर्चही द्यावा लागतो. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि तो यायलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र खूप जणांना माहीत नसते. 1994 च्या राजगोपाल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकार किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या बदनामीसाठी भरपाईचा दावा टाकू शकत नाही. म्हणजे खड्ड्यांवरून, नाल्यांवरून पालिकेला बिनधास्त बोला. अधिकाऱ्याचं नाव घेऊन खोटं लिहिलं तर मात्र अडकाल.

काकूंनी माफी मागितली नाही. ओसीबद्दल माहिती अधिकारात आलेलं उत्तर जोडून त्यांच्या वकिलांनी जवाब पाठवलाय, आणि आता सोसायटीतले काही जण म्हणतायत की वकिलाची फी सगळ्यांनी मिळून भरू. मी शेजारच्या बिल्डिंगमधला असलो तरी माझा वाटा देणार आहे.