टाइनहॅम: कुळांचं गाव, लष्कराचं फाटक

टाइनहॅमला जायचं ठरवलंत तर हवामानाच्या आधी एक गोष्ट बघा: त्या दिवशी गोळीबार आहे का? इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटच्या किनाऱ्यालगतचं हे चिमुकलं, आता निर्मनुष्य गाव लुलवर्थच्या लष्करी सराव क्षेत्रात आहे. बहुतेक शनिवार-रविवारी आणि उन्हाळी, नाताळ, ईस्टरच्या सुट्ट्यांत रस्ता खुला असतो. पण काही वीकएंडही बंद ठेवतात. सरकारी संकेतस्थळावर गोळीबाराचं वेळापत्रक असतं, ते आदल्या दिवशी परत एकदा पाहा.

आम्ही बोर्नमथहून गाडीने गेलो. सोबत साताऱ्याहून आलेले माझे सासरे, म्हणजे बाबा, होते. लंडनहून येणाऱ्यांना वॉटर्लूहून वेमथकडे जाणारी रेल्वे सोयीची, वेअरहॅमला उतरायचं, सव्वादोन-अडीच तास लागतात. तिथून गावापर्यंत बस मात्र नाही. टॅक्सी केलीत तर परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा, कारण खाली दरीत मोबाईलला रेंज मिळेल याची खात्री नाही. शेवटचा उतार अरुंद आणि तीव्र आहे, समोरून गाडी आली तर कुणाला तरी मागे जावं लागतं. गावात तिकीट नाही. पार्किंगच्या पेटीत स्वखुशीने पैसे टाकायचे. स्वच्छतागृह आहे, पण चहासुद्धा मिळत नाही. डबा आणि पाणी घरून न्या.

१९४३च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या घराघरांत सरकारी पत्रं आली. युरोपवर चढाई करायची तर रणगाड्यांच्या सरावाला जागा हवी होती आणि लुलवर्थचं रणगाड्यांच्या तोफांचं प्रशिक्षण केंद्र शेजारीच होतं. सव्वादोनशेच्या आसपास माणसांना १९ डिसेंबरपर्यंत घरं रिकामी करायला सांगितलं. सगळे समजून चालले होते की युद्ध संपलं की परतायचं. जमीनदारीणबाई एव्हलिन बाँड यांनी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: चर्च आणि घरं जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. १९४८ साली सरकारने जमीन सक्तीने विकत घेतली आणि परतण्याचा विषय संपला.

बाबांचं स्वतःचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलंय. त्यामुळे ती चिठ्ठी वाचून होताच त्यांचा पहिला प्रश्न: "भरपाई काय मिळाली गं यांना?"

उत्तर चमत्कारिक आहे. शतकानुशतकं गावची जमीन बाँड घराण्याची, १६८३ पासून. बाकी सगळे भाडेकरू आणि कुळं. त्यामुळे त्यांच्या हातात परसातल्या भाजीपाल्याचीच किंमत पडली. "आमची निदान झाडं तरी मोजली होती," बाबा म्हणाले आणि तरातरा पुढे निघाले.

बहुतेक लोक आधी चर्चमध्ये शिरतात. माझं मत वेगळं आहे, सुरुवात शाळेपासून करा. पोरं उरली नाहीत म्हणून ही शाळा १९३२ मध्येच बंद पडली, म्हणजे गाव लष्कराने नेण्याआधीच ओसरू लागलं होतं. पर्यटकांना ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 'सुखी गाव, दुष्ट सरकार' अशी सोपी कथा सगळ्यांना आवडते. वर्गात बाकं मांडलेली आहेत, कोट अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावं आहेत आणि निसर्गाच्या नोंदींच्या वह्या आहेत. ती आडनावं टिपून घ्या. तीच पुढे घरांतल्या फलकांवर आणि चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर भेटतात, आणि मग गाव आपोआप कुटुंबा-कुटुंबाने उलगडतं. शाळा आणि चर्च साधारण दहा ते चार उघडे असतात.

पोस्टाच्या ओळीतली घरं छपराविना उभी आहेत. वरच्या मजल्याची जमीन गेली, पण तिथली शेकोटी भिंतीत तशीच अधांतरी आहे. बाहेरचा पांढरा टेलिफोन बूथ मूळचा नव्हे. मूळचा १९८५ मध्ये एका चित्रीकरणात मोडला, मग तसाच दुसरा आणून बसवला. चर्चमध्ये बाँड मंडळींच्या स्मृतिशिला आहेत. त्यांचा वाडा मात्र गोळीबाराच्या हद्दीत आहे, १९६०च्या दशकात बराचसा पाडला गेला, आणि आजही तिथे जाता येत नाही.

तिथून वर्बॅरोच्या किनाऱ्यापर्यंत मैलभर सोपी वाट आहे. तिथे मिलर घराण्याची वस्ती होती, मासे आणि लॉबस्टर धरणारी माणसं. वाटेने पिवळ्या खुणांच्या आतच चाला आणि धातूचा कसलाही तुकडा उचलू नका, न फुटलेला गोळा असू शकतो. मुलांना हे गाडीतच बजावून ठेवा.

कुणाचं मूळ या भागात शोधायचं असेल तर त्याच फेरीत डॉर्चेस्टरचं 'डॉर्सेट हिस्टरी सेंटर' करा. जन्म-लग्न-दफनाच्या चर्चच्या नोंदी तिथे आहेत. जागा मात्र आधी आरक्षित करा. जनगणनेत एक खड्डा आहे, तो लक्षात असू द्या: १९३१ची कागदपत्रं १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे गाव उठण्याआधीच्या काळासाठी १९२१ची जनगणना आणि १९३९ची नोंदवही (युद्ध सुरू होताच सरकारने केलेली लोकांची नोंद) एवढ्यावरच भागवावं लागतं. दोन्ही पैसे भरून ऑनलाइन पाहता येतात. १९३९च्या नोंदवहीत काही ओळी काळ्या दिसल्या तर गडबडू नका. त्या व्यक्ती हयात असू शकतात, म्हणून झाकलेल्या आहेत.