आमची वाटचाल : सावदा रोडवरचं डिझेल वर्कशॉप आणि फाळक्याचं बाकडं

आमच्या वर्कशॉपच्या दारात उजव्या हाताला एक लाकडी बाकडं आहे, जुन्या ट्रकच्या फाळक्याचं, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या फळीचं बनवलेलं, चांगलं साडेसहा फूट लांब, दोन्ही टोकांच्या लोखंडी कड्या अजून तशाच आहेत. सकाळी नऊ ते अकरा त्यावर गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही कारण त्या वेळेला आमच्या भागातले रिटायर फौजी तिथे बसलेले असतात. वर्कशॉपची वाटचाल लिहा पप्पा, लिहा, म्हणून मुलगी वर्षभर मागे लागली होती, शेवटी वही घेतली, पण त्या बाकड्याला सोडून ही गोष्ट मला सांगताच येत नाहीये.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला, घरी चार एकर, केळी आणि थोडी कपाशी. १९८८ ला भरती झालो आणि ईएमईत गेलो, म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा, वायरलेस जे काही बिघडतं ते दुरुस्त करणारी कोअर. इन्फन्ट्रीत ज्याला सिपाही म्हणतात त्याला आमच्यात क्राफ्ट्समन म्हणतात आणि ब्रीदवाक्य आहे कर्म ही धर्म. ट्रेनिंग सिकंदराबादला झालं, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. आमचे उस्ताद शक्तिमान ट्रकचं इंजिन पूर्ण खोलायला लावायचे आणि काढलेला प्रत्येक नट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ताडपत्रीवर मांडायला लावायचे, एक वॉशर जरी कमी निघालं तरी पूर्ण स्क्वॉड उभा, वॉशर सापडेपर्यंत जेवण नाही. तेव्हा राग यायचा खूप. आज माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांना मी तशीच ताडपत्री अंथरायला लावतो.

चोवीस वर्षं नोकरी झाली आणि २०१२ ला हवालदार म्हणून घरी आलो. त्या चोवीस वर्षांतलं सगळं इथे लिहित नाही, दोन गोष्टी लिहितो कारण आमचा आजचा धंदा त्याच्यावरच उभा आहे.

एक म्हणजे लेहचा हिवाळा. खान्देशातल्या माणसाला थंडी म्हणजे पौषात शेकोटी करून भरीत खायची मजा, तिकडे थंडी म्हणजे डिझेल घट्ट होऊन मेणासारखं फिल्टरला बसायचं, टाकीत थोडं जरी पाणी असलं तरी पाइपात त्याचा बर्फ, बॅटरीत जीव नाही. पहाटे चारला उठून इंजिनच्या चेंबरखाली स्टोव्ह पेटवायचा, ऑइल पातळ झालं की मगच सेल्फ मारायचा. उघड्या हाताने पाना धरला तर कातडी पान्यालाच चिकटून निघायची, माझ्या उजव्या अंगठ्याजवळ ती खूण आहे अजून. तिथे शिकलो की गाडी बंद पडल्यावर जो मेकॅनिक लागतो त्याच्यापेक्षा ती बंद पडू न देणारा ड्रायव्हर मोठा, आणि त्यासाठी फौजेत तीन परेड असतात गाडीच्या. निघायच्या आधी फर्स्ट परेड, रस्त्यात थांबलं की हॉल्ट परेड, मुक्कामाला पोचलं की लास्ट परेड. हॉल्ट परेडला ड्रायव्हर खाली उतरून प्रत्येक चाकाच्या हबला हात लावून बघतो, तळहात नाही, हाताची मागची बाजू लावायची, गरम असेल तर तिला लगेच कळतं आणि हात आपोआप मागे येतो.

दुसरी गोष्ट १९९९ ची, कारगिलची लढाई, द्रास. मी तेव्हा एका तोफखान्याच्या रेजिमेंटबरोबर होतो, बोफोर्स तोफा होत्या आणि त्या ओढायला स्वीडनच्या स्कॅनिया गाड्या, सहाही चाकं ओढणाऱ्या. तोलोलिंगचा डोंगर १३ जूनला आपल्या ताब्यात आला, त्याच्या आधी श्रीनगर-लेह रस्ता वर बसलेल्या पाकिस्तानी घुसखोरांना सरळ दिसायचा, म्हणून गाड्या रात्री आणि लाइट बंद करून चालायच्या. अशाच एका रात्री एक स्कॅनिया रस्त्यातच बसली, मागे रांग लागलेली. डिझेलच्या फीड पंपाचं गॅस्केट गेलेलं आणि स्पेअर मागच्या गाडीत, मागची गाडी कुठे आहे पत्ता नाही. ताडपत्री पांघरून आत घुसलो, टॉर्चला लाल कपडा बांधलेला. खिशात घरून आलेलं आंतरदेशीय पत्र होतं, निळं, तीन दिवसांपूर्वीच मिळालेलं, ५६ एपीओ हा फौजेचा टपाल पत्ता लिहिलेलं. तेच घडी घालून पंपाच्या तोंडावर ठेवलं, हातोडीने कडेकडेने ठोकून आकार काढला, बोल्टची भोकं पाडली, ग्रीस लावून बसवलं. वीस मिनिटांत गाडी सुरू झाली, तोफ पुढे गेली. ते गॅस्केट पुढे चार दिवस चाललं. पत्रात काय होतं ते मला पाठ होतं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी चांगली आलीये, धाकटी चालायला लागली, एवढंच. धाकटी म्हणजे हीच, जी आज वर्कशॉपमध्ये गाडीला बिघाड शोधायचा स्कॅनर लावते.

घरी आल्यावर पहिले सात महिने मी एका ठिकाणी सिक्युरिटी गार्डची नोकरी केली. बारा तास खुर्चीवर. वाईट काम नाहीये ते, आमचे कितीतरी भाऊ करून राह्यले आणि इमानदारीने करतात, पण माझे हात रिकामे होते आणि रिकामे हात घेऊन रात्री झोप यायची नाही. बायको म्हणाली, तुम्ही झोपेत पाने मागतात, आपलं काहीतरी सुरू करा. कर्जासाठी एका बँकेत पाच चक्कर मारल्या, दरवेळी एक नवीन कागद सांगायचे आणि शेवटी म्हणाले पेन्शन आहे ना तुम्हाला, या वयात कशाला धंदा. माझं वय तेव्हा बेचाळीस. फार लागलं ते. मग ग्रॅच्युइटीचे पैसे होते त्यातून २०१३ च्या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बारा बाय वीसचं पत्र्याचं शेड टाकलं, सावदा रोडला, भाड्याच्या जागेत. एक कॉम्प्रेसर, एक चेन ब्लॉक, एक पाने-स्पॅनरची पेटी आणि माझी फौजेतली काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव.

जागा मुद्दाम ही घेतली. रावेर, सावदा, फैजपूर, यावल हा सगळा केळीचा पट्टा, इथून दिल्लीपर्यंत माल जातो आणि केळीची गाडी बंद पडली की ती लोखंडाच्या गाडीसारखी उभी राहू शकत नाही. मे महिन्यात इथे पंचेचाळीसच्या वर पारा जातो, ताडपत्रीखाली घड तापायला लागतात, एक दिवस उशीर म्हणजे माल पिवळा आणि व्यापारी भाव पाडायला मोकळा. म्हणून पहिल्या दिवसापासून पाटीवर लिहिलं, रात्री पण उघडं. पहिल्या महिन्यात अकरा गाड्या आल्या, त्यातल्या सात रात्री बारानंतर. इथला आजार लेहच्या बरोबर उलटा, रेडिएटर उकळतो, फॅनबेल्ट तुटतो, हबचं ग्रीस वितळून वाहतं. मी ड्रायव्हर लोकांना चहा पाजता पाजता हॉल्ट परेड शिकवायला लागलो, भो, ढाब्यावर थांबला की आधी चाकांना हात लाव, मग जेव. काही जणांनी ऐकलं. त्यातला एक जण इंदूरच्या पुढून फोन करून म्हणाला काका, मागचं डावं गरम लागून राह्यलं, मी म्हटलं तिथेच थांब, बेअरिंग गेलेलं निघालं. तेव्हापासून त्याच्या मालकाच्या चौदाही गाड्या आमच्याकडे येतात.

२०१५ ला एक चूक झाली आणि ती माझीच. एका शेतकरी दादाच्या ट्रॅक्टरचं ब्रेकचं काम होतं, पोरगा नवीन, कामाची गर्दी, मी त्याला विचारलं झालं का, तो म्हणाला झालं, मी न बघता चावी दिली. ब्रेकच्या लिंकेजची एक स्प्लिट पिन टाकायची राहिली होती. ट्रॉलीत केळीचे घड आणि वर दोन बाया बसलेल्या, उतारावर ब्रेक लागला नाही, दादांनी ट्रॅक्टर बांधाला घातला म्हणून वाचले सगळे, एका ताईचा हात मोडला. दवाखान्याचा खर्च मी दिला, ट्रॅक्टरही मी करून दिला, त्यांनी मोठ्या मनाने पुढे काही केलं नाही. पण मला आठ दिवस अन्न गेलं नाही. चोवीस वर्षं मी अशा ठिकाणी होतो जिथे काम करणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि दोघांची सही झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि स्वतःच्या दुकानात मी तेच सोडून दिलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे जॉब कार्डवर दोन सह्या असतात. गिऱ्हाईक किती घाई करो, ओळखीचा असो की आमदाराचा माणूस असो, दुसरी सही झाल्याशिवाय चावी हातात मिळत नाही. काही जण चिडून निघून गेले, जाऊ द्या.

आता बाकडं. शेड टाकलं त्याच वर्षी एका भंगारवाल्याकडून तो फाळका घेतला होता, सागाचा होता म्हणून. पहिले बसले ते आबा. आबा १९७१ च्या लढाईत पूर्वेकडे होते, आजच्या बांगलादेशात, एएससीत म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या कोअरमध्ये ड्रायव्हर. घरच्यांना एवढंच माहीत की आबा लढाईला होते. बाकड्यावर त्यांनी सांगितलं ते लढाईचं नव्हतंच, नद्यांचं होतं. म्हणायचे, दर दोन कोसाला नदी रे, आपली तापी एक आणि तिकडे जिथे बघावं तिथे पाणी, इंजिनिअरवाले पूल टाकायचे आणि रात्री त्या हलणाऱ्या पुलावरून गाडी काढायची, पाठीवर दारूगोळा. गावातले लोक धावत यायचे, जय बांगला म्हणायचे आणि ओंजळीने मुढी द्यायचे, मुढी म्हणजे आपले मुरमुरे. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, त्र्याण्णव हजार कैदी, हे सगळ्या जगाला माहीत आहे. आबांना आठवायची ती एक म्हातारी, जिने मुरमुरे देताना त्यांच्या गालावरून हात फिरवला होता, कारण त्यांची आई ते भरती व्हायच्या आधीच गेलेली.

मग नाना आले, सिग्नल्सचे म्हणजे फौजेच्या वायरलेस-संदेशवाल्या कोअरचे, १९८७ ला शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलेले. नाना पहिलं वर्षभर काहीच बोलले नाहीत, नुसते येऊन बसायचे, पेपर वाचायचे आणि जायचे. तिथे आपले अकराशेच्या वर जवान गेले आणि परत आल्यावर कोणी धड विचारलंही नाही, ही सल त्या पिढीत आहे आणि ती खरी आहे. एका दिवशी वर्कशॉपमध्ये टायर फुटला, मोठा आवाज झाला, आणि बाकड्यावरचे सगळे एकदम खाली वाकले. सगळे. पोरं बघतच राहिली. नंतर नानांनी पेपर घडी घातला आणि बोलायला लागले ते दीड तास. काय बोलले ते बाकड्यावरच राहू द्या. त्यानंतर त्यांची बहीण येऊन मला म्हणाली, भाऊ, नाना आता रात्री झोपतात.

२०१६ ला एकाने लिलावात घेतलेली जुनी शक्तिमान आणली, पाण्याच्या टँकरसाठी, इंजिन बसलेलं. पंप काढला, नोझल साफ केले, चार दिवसांनी संध्याकाळी सुरू झाली. आबा तेव्हा घरी होते, त्यांचं घर गल्लीत दोनशे फुटांवर. आवाज ऐकून चप्पल न घालता आले, पंच्याहत्तरीच्या आसपासचा माणूस. काही न बोलता वर चढले, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मी मालकाला विचारलं, तो म्हणाला घेऊ द्या. आबांनी डबल क्लच मारत पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर टाकले, एकदाही कर्र झालं नाही, आणि रोडने नदीपर्यंत जाऊन परत आले. उतरल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर गाडीभोवती फिरून सहाही चाकांना हाताची मागची बाजू लावली.

पुढचं भरभर सांगतो. २०१८ ला जागा विकत घेतली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये केळीच्या गाड्या चालू होत्या आणि ढाबे बंद, तेव्हा दोन महिने आमच्या घरून खिचडीचं पातेलं रोज वर्कशॉपवर यायचं, ड्रायव्हर लोक जेवून जायचे. त्याच वर्षी बीएस सिक्सच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाड्या आल्या, सेन्सर, युरियाची टाकी, सगळं कॉम्प्युटरवर, कानाने ऐकून बिघाड सांगायचे दिवस कमी होत चालले. मुलीने डिप्लोमा केला होता, ती बाहेर नोकरी बघत होती, म्हणाली पप्पा मी बघते हे. स्कॅनर तिने घेतला, कर्ज तिच्या नावावर झालं आणि यावेळी बँकेने एकाच चकरेत केलं. दुसरी सही आता तिची असते, माझ्या कामावरसुद्धा. आज आम्ही सात जण आहोत.

नोव्हेंबरमध्ये बाकड्यावरच्या सगळ्यांचे हयातीचे दाखले तीच काढून देते, अंगठ्याचं मशीन टेबलावर ठेवून, चहा होईपर्यंत काम होतं, कोणाला लाइनीत उभं राहायला लागत नाही. थंडीत एका रविवारी बामणोदच्या वांग्यांचं भरीत असतं, पऱ्हाट्यांवर भाजलेलं, कळण्याच्या भाकरीबरोबर, तेव्हा जळगाव-भुसावळकडूनही माणसं येतात. आबा आता नाहीत. त्यांची जागा फाळक्याच्या डाव्या कडीजवळ होती.

यंदा शेड वाढवून राह्यलो आहे, चाळीस बाय साठ, दोन पिट, वरती क्रेन. नकाशा काढणारा पोरगा म्हणाला, काका ते बाकडं हलवलं तर अजून एक ट्रॅक्टर आत उभा राहतो. मुलीने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदावर आधी साडेसहा फुटांची रेघ मारली, दारातच, उजव्या हाताला, म्हणाली आता याच्या बाजूने बाकीचं काढ.