परातीतला चंद्र

आज बालवाडीत चंद्रावरचे खड्डे केले. खोल परातीत ४-५ सेंटिमीटर मैदा, न दाबता पसरलेला. वर चाळणीने नाचणीच्या पिठाचा पातळ थर. लिंबाएवढा सुकलेल्या मातीचा गोळा आधी मुलांच्या गुडघ्याच्या, मग खांद्याच्या उंचीवरून नुसता सोडायचा, फेकायचा नाही. खड्डा गोळ्याहून रुंद होतो, पांढरा मैदा किरणांसारखा बाहेर उडतो. किती सुंदर दिसतं ते!

पणजीच्या मिरामार किनाऱ्याची ओलसर वाळू नको, गोळा नुसता रुततो. आपल्याकडे पावसाळ्यात मैदाही दमट होतो. आधी कोरडा परतून पूर्ण गार करावा. गोट्या तोंडात जातात, म्हणून टाळाव्या.

"खड्डे पुसले का जात नाहीत?" मुलं विचारतात. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. मग काड्यापेटीचं ‘विक्रम’ हे उतरणारं यान खड्डे चुकवून सपाट जागी उतरवायचं, २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ ने केलं तसं.