ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, पुढे काय? एजंटच्या कचेरीतून माझा अनुभव

खेळाडूंच्या क्लिप्स कापायच्या आणि करारांची कलमं वाचायची, हे माझं काम. एनबीए ही अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. त्या रात्री आमचे फोन तापतात ते दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धात. दोन फेऱ्या मिळून नावं जेमतेम साठ. शेवटच्या दहांत निवड झाली, तर खेळाडू त्या एका संघाला बांधला जातो. नाव आलंच नाही, तर तीसही संघांशी बोलायला तो मोकळा. म्हणून कधी कधी एजंटच संघाला सांगतो, घेऊ नका. ऑस्टिन रीव्ह्‌जच्या बाबतीत २०२१ मध्ये असंच झालं. डेट्रॉइटचा संघ ४२व्या क्रमांकावर घ्यायला तयार असताना त्याने लॉस एंजेलिस लेकर्सचा टू-वे करार धरला, म्हणजे एनबीए संघ आणि त्याचा जी लीगमधला (एनबीएच्या दुय्यम लीगमधला) संघ, दोन्हीकडे खेळण्याचा.

बोलणी त्याच रात्री उरकतात, तेव्हा तक्ता आधीच तयार हवा. संघाच्या १५ जागांपैकी पक्के करार किती, आपल्या मुलाच्या पोझिशनवर गर्दी किती, तीन टू-वे जागांपैकी रिकामी कुठली. घरचे लोक आधी बोनसचा आकडा विचारतात, आणि फसतात ते इथेच. जागाच नसलेल्या संघाने दिलेले जास्तीचे पैसे ऑक्टोबरमध्ये संपतात.

बहुतेकांच्या हाती पडतो तो एक्झिबिट टेन करार. एका वर्षाचा, किमान पगाराचा, हमी शून्य. शिबिरात २१ जण चालतात, हंगामाआधी कपात होते. कट झालेला खेळाडू त्याच संघाच्या जी लीग संघात ६० दिवस टिकला, तर ठरलेला बोनस मिळतो. टू-वेमध्ये पैसे कितीतरी जास्त, पण दुसरा संघ त्याला उचलू शकत नाही. साध्या जी लीग करारावरच्या मुलाला मात्र तीसपैकी कोणीही बोलावू शकतं. मला विचाराल तर, आपल्या पोझिशनवर वरची रांग लांब असेल तिथे टू-वेची घाई नको.

शिबिराआधी जुलैत लास वेगासची समर लीग, नव्या पोरांना अजमावायचे सामने. कॉलेजात वीस-वीस गुण काढलेली पोरं इथे चेंडू सोडत नाहीत आणि मागे पडतात. चेंडू हातात ठेवणारे तारे संघाकडे असतातच, खालच्या जागांसाठी हवा असतो चेंडूविना उपयोगी पडणारा. म्हणून क्लिपमध्ये मी बास्केट शेवटी टाकतो. आधी बचाव: रिंगखाली मदतीला गेलेला खेळाडू चेंडू समोरच्या कोपऱ्यात जाताच पळत निघतो, शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाकतो, हात उंच ठेवतो, फाउल करत नाही. चार सेकंदांचा ऐवज, पण प्रशिक्षक तो मागे नेऊन पुन्हा बघतात.

नेमबाजीचंही गणित आहे. कॉलेजची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएची ७.२४ वर. कोपऱ्यात मात्र एनबीएची रेषा ६.७० मीटरवरच आहे. सरावाला सुरुवात तिथून करावी, कारण आक्रमणातल्या चौथ्या-पाचव्या पर्यायाला पास बहुधा तिथेच मिळतो. अॅलेक्स कारुसो २०१६ मध्ये निवडला गेला नव्हता. ओक्लाहोमाच्या जी लीग संघातून, लेकर्सच्या टू-वेवरून तो वर आला, तो बचाव आणि पासिंगच्या जोरावर.

परदेशात पगाराची हमी बरी असते. पण एनबीएसाठी बाहेर पडायचं कलम करारात नसेल, तर जानेवारीत फोन आला तरी हात बांधलेले. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका संघाकडून एका हंगामात असे दोनच, मग उरलेल्या हंगामासाठी घ्या नाहीतर सोडा. आंद्रे इंग्रामला लेकर्सचा फोन आला तो २०१८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, जी लीगमध्ये दहा हंगाम काढल्यावर. ह्यूस्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने १९ गुण केले. इतका धीर धरा असं मी कुणाला सांगणार नाही, जी लीगच्या पगारात तो फार थोड्यांना परवडतो.

टू-वेवाल्यांनी दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्यात. एनबीएच्या संघयादीत त्यांना ५० सामन्यांचीच मुभा असते, आणि प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरचे विजेतेपदाचे सामने, खेळता येत नाहीत. एप्रिलमध्ये नियमित हंगाम संपण्याआधी करार साध्या करारात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी संघाकडे रिकामी जागा आहे का, हे फेब्रुवारीतच विचारून ठेवावं.